म्योडलारॉइट : ओढ्याकाठचे दुभंगलेले गाव

जर्मनीतील बव्हेरिया आणि थुरिंजिया या दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले म्योडलारॉइट हे जेमतेम चाळीस-पन्नास लोकवस्तीचे खेडे आहे. काही शेतघरे, एक तळे, सभोवार कुरणे आणि फरची जंगले, आणि मधून वाहणारा एक अरुंद ओढा. एवढ्या वर्णनाची शेकडो खेडी जर्मनीत सापडतील. परंतु या गावाचे नाव विसाव्या शतकाच्या इतिहासात नोंदले गेले ते त्या ओढ्यामुळे. जर्मनीची फाळणी झाली तेव्हा दोन राष्ट्रांची, दोन लष्करी गटांची आणि दोन राजकीय विचारसरणींची सीमा याच ओढ्याच्या मध्यावरून गेली. पुढे त्याच्या काठाने काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकी सैनिक या खेड्याला 'लिटल बर्लिन', म्हणजे 'छोटे बर्लिन' म्हणू लागले आणि तेच नाव सर्वत्र रूढ झाले.

बर्लिनच्या भिंतीची कथा जगाला ठाऊक आहे. तिच्या मानाने म्योडलारॉइटची भिंत अगदीच लहान होती. मात्र महानगरातील भिंत अनोळखी माणसांना एकमेकांपासून वेगळे करते, तर खेड्यातील भिंत शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडते. या दृष्टीने पाहिल्यास फाळणीचा अर्थ समजून घेण्यासाठी हे चिमुकले गाव बर्लिनइतकेच महत्त्वाचे ठरते.

नाव आणि परिसर

बव्हेरियातील होफ या शहराच्या उत्तरेला, फोग्टलंड नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोंगराळ प्रदेशात हे गाव वसले आहे. गावाच्या नावातील 'रॉइट' या उत्तरपदाचा अर्थ जंगल तोडून लागवडीखाली आणलेली जमीन असा होतो. या परिसरात असा शेवट असलेली गावांची नावे अनेक आढळतात. मध्ययुगात येथे वस्ती कशी पसरली, याची ती खूण आहे. गावातून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव टानबाख. 'टाने' म्हणजे फरचे झाड आणि 'बाख' म्हणजे ओढा. हा ओढा इतका लहान आहे की बहुतेक ठिकाणी धडधाकट माणूस तो एका उडीत ओलांडू शकतो.

ओढ्याच्या उत्तरेकडचा भाग थुरिंजिया राज्यातील गेफेल या नगरपालिकेत, तर दक्षिणेकडचा भाग बव्हेरियातील ट्योपेन या ग्रामपंचायतीत मोडतो. गावाची ही विभागणी १९४५ नंतरच्या फाळणीतून निर्माण झालेली नाही. ती त्यापूर्वी कित्येक शतके अस्तित्वात होती.

निरुपद्रवी सीमारेषा

सोळाव्या शतकापासूनच टानबाख ही दोन संस्थानांची हद्द होती. एका बाजूला बायरॉइटच्या मार्कग्राफांचा अंमल होता, तर दुसऱ्या बाजूला रॉइस घराण्याचा. १८१० मध्ये बायरॉइटचा प्रदेश बव्हेरियाच्या राज्यात विलीन झाला आणि त्याच वर्षी ओढ्याच्या काठाने हद्दीचे नवे दगड बसविण्यात आले. दगडाच्या एका अंगावर बव्हेरियाच्या राज्याची, तर दुसऱ्या अंगावर रॉइसच्या संस्थानाची आद्याक्षरे कोरलेली होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील राजेशाही संपुष्टात आली. रॉइसचा प्रदेश १९२० मध्ये नव्याने स्थापन झालेल्या थुरिंजिया राज्यात समाविष्ट झाला. पण हद्द होती तेथेच राहिली.

या सर्व काळात हद्दीचा गावाच्या दैनंदिन जीवनाशी फारसा संबंध नव्हता. कर कोणाला भरायचा आणि दस्तऐवज कोठे नोंदवायचे, एवढ्यापुरतेच तिचे महत्त्व होते. गावची शाळा आणि उपाहारगृह थुरिंजियाच्या बाजूला होते, तर प्रार्थनेसाठी दोन्ही बाजूंचे ग्रामस्थ बव्हेरियातील ट्योपेनच्या चर्चमध्ये जात. म्हणजे बव्हेरियातील मुले शिकण्यासाठी ओढा ओलांडून उत्तरेला येत आणि थुरिंजियातील कुटुंबे रविवारी ओढा ओलांडून दक्षिणेला जात. सोयरिकी दोन्ही बाजूंमध्ये होत, बोलीही एकच होती. कागदोपत्री दोन असलेले हे गाव व्यवहारात एकच होते.

१९४५ : हद्दीची सरहद्द झाली

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९४५ मध्ये, अमेरिकी सैन्य या भागात पोहोचले. त्यापूर्वीच विजयी राष्ट्रांनी जर्मनीचे व्याप्त विभाग निश्चित केले होते. हे विभाग ठरविताना जुन्या राज्यांच्या व प्रांतांच्या हद्दी आधारभूत मानण्यात आल्या. थुरिंजिया सोव्हिएत विभागात आणि बव्हेरिया अमेरिकी विभागात गेला. जुलै १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने थुरिंजिया सोडला आणि सोव्हिएत सैन्य तेथे दाखल झाले. काही काळ या सैन्याने म्योडलारॉइटचा बव्हेरियातील भागही आपल्या ताब्यात ठेवला होता. पुढे १९४६ मध्ये ते ओढ्यापलीकडे मागे हटले.

हा निर्णय घेताना एखाद्या खेड्याचा विचार कोणी केला असण्याची शक्यता नाही. नकाशावर आयती उपलब्ध असलेली रेषा वापरण्यात आली, इतकेच. पण त्या एका कृतीने १८१० च्या दगडांना अगदी वेगळा अर्थ प्राप्त झाला. १९४९ मध्ये पश्चिमेकडे जर्मन संघीय प्रजासत्ताक आणि पूर्वेकडे जर्मन लोकशाही प्रजासत्ताक अशी दोन राष्ट्रे स्थापन झाली आणि टानबाख ही आंतरराष्ट्रीय सरहद्द बनली. तरीही आरंभीच्या वर्षांत ग्रामस्थांना परवाना दाखवून एका भागातून दुसऱ्या भागात जाता येत असे.

१९५२ : बंद झालेली वाट

मे १९५२ च्या अखेरीस पूर्व जर्मनीच्या सरकारने संपूर्ण सीमेवर नवी व्यवस्था लागू केली. सीमेलगत दहा मीटर रुंदीचा नांगरलेला मोकळा पट्टा ठेवण्यात आला. त्यावर पाऊल उमटले तरी ते दिसावे, हा त्यामागील हेतू. त्यामागे पाचशे मीटरांचा संरक्षित पट्टा आणि त्याही मागे पाच किलोमीटर रुंदीचा निर्बंधित प्रदेश, अशी ही रचना होती. म्योडलारॉइटचा पूर्व भाग अर्थातच सर्वांत कडक निर्बंधांच्या पट्ट्यात आला. तेथे राहण्यासाठी ओळखपत्रावर विशेष शिक्का आवश्यक झाला. बाहेरगावच्या नातलगांना भेटीस येण्यासाठी परवाना घ्यावा लागे आणि रात्रीच्या वेळी घराबाहेर पडण्यावर बंधने आली. ओढ्यावरून होणारी शाळेची, चर्चची आणि शेजारपाजारची ये-जा थांबली.

त्याच्या पाठोपाठ जून १९५२ मध्ये सीमाभागातील 'अविश्वसनीय' ठरविलेल्या कुटुंबांना सक्तीने अंतर्भागात हलविण्याची मोहीम सुरू झाली. शासकीय यंत्रणेत या मोहिमेला 'उंगेत्सीफर' असे नाव होते. या जर्मन शब्दाचा अर्थ उपद्रवी किडे-कीटक. ज्यांना हलवायचे त्यांच्याकडे शासन कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्या नावावरूनच स्पष्ट होते. काही तासांच्या अवधीत घर, गुरे आणि शेती मागे टाकून या कुटुंबांना निघावे लागले. म्योडलारॉइटमधील काही कुटुंबेही त्यांत होती, तर काहींनी त्याआधीच पश्चिमेकडे पलायन केले. १९६१ मध्ये अशीच दुसरी मोहीम राबविण्यात आली. दोन्ही मोहिमांत मिळून संपूर्ण सीमाभागातून सुमारे ११ ते १२ हजार लोक विस्थापित झाले.

कुंपणापासून भिंतीपर्यंत

गावातील अडथळे टप्प्याटप्प्याने उभे राहिले. प्रथम माणसाच्या उंचीहून उंच फळ्यांचे कुंपण आले. पलीकडचे दिसू नये, हाही त्याचा एक उद्देश होता. पुढे काटेरी तारा आल्या. १९४९ ते १९६१ या काळात पूर्व जर्मनीतून सुमारे २७ लाख लोक पश्चिमेकडे निघून गेले होते. हा ओघ थांबविण्यासाठी ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनमध्ये भिंत बांधण्यास प्रारंभ झाला आणि अन्यत्रही सीमा अधिक कडक करण्यात आली.

दोन जर्मनींमधील सुमारे १,४०० किलोमीटरच्या सीमेवर बहुतांश ठिकाणी धातूच्या जाळीची कुंपणे होती. म्योडलारॉइटमध्ये मात्र घरे ओढ्याला इतकी खेटून होती की रुंद मोकळा पट्टा ठेवण्यास जागाच नव्हती. सबब येथे १९६६ मध्ये बर्लिनच्या धर्तीवर काँक्रीटची भिंत उभारण्यात आली. तिची लांबी सुमारे ७०० मीटर आणि उंची तीन मीटरांहून अधिक होती. तिच्या जोडीला टेहळणीचे मनोरे, रात्रभर जळणारे प्रकाशझोत, पहारेकऱ्यांचे कुत्रे आणि गस्तीचा रस्ता, असा सरंजाम होता. पश्चिमेच्या आक्रमणापासून संरक्षणासाठी ही व्यवस्था असल्याचे पूर्व जर्मनीचे सरकार सांगत असे. प्रत्यक्षात तिचा सारा रोख आतल्या बाजूस, आपल्याच नागरिकांकडे होता.

खरी सरहद्द ओढ्याच्या मध्यावर होती, तर भिंत तिच्या थोडी आत, पूर्वेच्या भूमीवर बांधलेली होती. त्यामुळे भिंतीबाहेरचा ओढ्यापर्यंतचा चिंचोळा पट्टाही पूर्व जर्मनीचाच होता. पश्चिमेकडून पाहायला आलेल्या एखाद्याने नकळत ओढ्याचा मध्य ओलांडला, तरी तो परराष्ट्राच्या हद्दीत शिरल्यासारखे होई. बव्हेरियाच्या बाजूस तशी सूचना देणारे फलक लावलेले असत.

भिंतीच्या दोन बाजू

पश्चिमेकडील भागात लोकांना मोकळेपणे वावरता येत होते. कुटुंबांची शेती त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. भिंत पाहण्यासाठी पर्यटकांच्या बसगाड्या येऊ लागल्या. फेब्रुवारी १९८३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनीही या गावाला भेट दिली. भिंतीपलीकडे याच्या नेमकी उलट स्थिती होती. शेती सामुदायिक संस्थांकडे गेली होती. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद होत असे आणि परवान्याशिवाय देशातील अन्य नागरिकांनाही तेथे पाऊल टाकता येत नसे. एकाच गावाचा अर्धा भाग प्रेक्षणीय स्थळ बनला होता आणि उरलेला अर्धा स्वतःच्याच देशाला अदृश्य झाला होता.

फाळणीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र भिंतीच्या काँक्रीटमध्ये नसून एका साध्या मनाईत आढळते. पश्चिमेच्या बाजूने चढावर उभे राहिल्यास पलीकडची घरे-अंगणे दिसत. तेथून कोणी हात हलवून ओळख दाखवली, तर पूर्वेकडच्या ग्रामस्थांना उलट हात हलविण्यास किंवा शब्दाने प्रतिसाद देण्यास बंदी होती. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आप्तांना एकमेकांकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करावे लागे. अशी बंदी एकदा-दोनदा नव्हे, तर वर्षानुवर्षे पाळावी लागली. या काळात लहान मुले मोठी झाली आणि वृद्धांचा अंत झाला.

डिसेंबर १९७२ मध्ये दोन्ही जर्मन राष्ट्रांनी परस्परसंबंधांविषयी करार केला. त्यानंतर १९७३ पासून सीमेलगतच्या पश्चिमेकडील रहिवाशांना पूर्वेकडील सीमावर्ती जिल्ह्यांत मर्यादित काळासाठी जाण्याची मुभा मिळाली. परंतु निर्बंधित प्रदेश या सवलतीतून वगळलेला होता. परिणामी म्योडलारॉइटच्या बव्हेरियातील रहिवाशाला लांबचा वळसा घालून, अधिकृत नाक्यावरून पूर्व जर्मनीत जाता येई. तेथील एखाद्या दुसऱ्या गावी आप्तांची भेटही होऊ शके. पण स्वतःच्याच गावाच्या पलीकडच्या भागात पाऊल ठेवता येत नसे.

याच वर्षी, १९७३ मध्ये, पूर्वेकडील एका वाहनचालकाने म्योडलारॉइटची भिंत ओलांडली. कामानिमित्त सीमापट्ट्यात जाण्याचा परवाना त्याच्याकडे होता. वाहन भिंतीजवळ नेऊन, शिडीच्या साहाय्याने तो पलीकडे उतरला. हे धाडस यशस्वी झाले. पण परवाना असलेल्या, म्हणजेच शासनाने विश्वासार्ह ठरविलेल्या व्यक्तीलाही पळून जावेसे वाटले, हे या घटनेचे खरे मर्म होय.

भिंत पडली, थोडी राखली

९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनमधील सीमा खुली झाली आणि अन्यत्रच्या अधिकृत नाक्यांवरूनही ये-जा सुरू झाली. तथापि, म्योडलारॉइटमधील भिंत लगेच हटली नाही. या गावात पायी ये-जा करण्यासाठी वाट खुली झाली ती बरोबर एक महिन्याने, ९ डिसेंबर १९८९ रोजी. त्यासाठी भिंतीत एक फट पाडण्यात आली आणि ३७ वर्षांनंतर ग्रामस्थ पुन्हा थेट एकमेकांच्या घरी जाऊ लागले.

१७ जून १९९० रोजी उत्खनन यंत्राने भिंत पाडण्यास सुरुवात झाली. ही तारीखही अर्थपूर्ण होती. १९५३ मध्ये याच दिवशी पूर्व जर्मनीतील कामगारांचा उठाव झाला होता आणि पश्चिम जर्मनीत हा दिवस जर्मन एकतेचा दिवस म्हणून पाळला जाई. १ जुलै १९९० रोजी दोन्ही जर्मनींचे आर्थिक व चलनविषयक एकीकरण झाले आणि सीमेवरील तपासणीही संपली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी देशाचे पुनरेकीकरण पूर्ण झाले.

भिंत पाडण्याच्या उत्साहात तिचा मागमूसही उरू नये, असे अनेकांना वाटणे स्वाभाविक होते. सीमेवरील बहुतेक ठिकाणी तसेच घडले. येथे मात्र सुमारे १०० मीटर लांबीचा भाग जाणीवपूर्वक जागेवर राखण्यात आला आणि १९९० मध्येच 'जर्मन-जर्मन संग्रहालया'ची स्थापना झाली. या खुल्या संग्रहालयात भिंतीचा अवशेष, टेहळणी मनोरा, कुंपणाचे निरनिराळे प्रकार आणि सीमारक्षकांची वाहने पाहावयास मिळतात. ज्यांनी फाळणी अनुभवलेली नाही, अशा शालेय विद्यार्थ्यांच्या सहली येथे मोठ्या संख्येने येतात. एवढ्याशा ओढ्यावर तीन मीटरांची भिंत का बांधावी लागली, हा प्रश्न त्या ठिकाणी उभे राहिल्यावर आपोआप पडतो. संग्रहालयाचे सार्थक त्यातच आहे.

त्सेट-डी-एफ या जर्मन दूरचित्रवाणी वाहिनीने २०१५ मध्ये प्रसारित केलेल्या 'टानबाख' या मालिकेमुळेही गावाची कथा नव्या पिढीपर्यंत पोहोचली. मालिकेतील गाव काल्पनिक असले, तरी त्यामागील प्रेरणा म्योडलारॉइटची होती.

निर्बंधित पट्ट्यातील निसर्ग

ज्या दिवशी म्योडलारॉइटमध्ये वाट खुली झाली, त्याच दिवशी, ९ डिसेंबर १९८९ रोजी, जवळच्या होफ शहरात दोन्ही जर्मनींतील पर्यावरणप्रेमींची बैठक भरली होती. माणसाला मज्जाव असलेल्या सीमापट्ट्यात चार दशकांत दुर्मीळ पक्षी, फुलपाखरे आणि वनस्पतींना आसरा मिळाला होता. हा पट्टा नांगराखाली जाऊ नये, तर 'हरित पट्टा' म्हणून जतन व्हावा, असा ठराव या बैठकीत झाला. थुरिंजियाने आपल्या हद्दीतील पट्ट्याला २०१८ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. माणसांना तोडणाऱ्या रेषेने पशुपक्ष्यांना मात्र सलग अधिवास मिळवून दिला, असा हा विलक्षण विरोधाभास आहे.

आजचे गाव

भिंत गेली, पण १८१० ची हद्द गेलेली नाही. गाव आजही दोन राज्यांत, दोन जिल्ह्यांत आणि दोन स्थानिक प्रशासनांत विभागलेले आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचे पिनकोड वेगळे, दूरध्वनीचे सांकेतिक क्रमांक वेगळे आणि वाहनांच्या पाट्यांवरील अक्षरेही वेगळी. बव्हेरियाच्या बाजूस 'ग्र्यूस गॉट' असे म्हणून अभिवादन केले जाते, तर थुरिंजियाच्या बाजूस 'गुटन टाग' म्हणण्याची पद्धत आहे. मुले आपापल्या राज्यातील शाळांत जातात आणि त्यांच्या सुट्ट्याही वेगवेगळ्या असतात. ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणा दिन थुरिंजियात सार्वजनिक सुट्टीचा, तर दुसऱ्या दिवशीचा सर्व संतांचा दिन बव्हेरियात सुट्टीचा. त्यामुळे एका अंगणात सुट्टीची निवांत सकाळ आणि शेजारच्या अंगणात कामावर जाण्याची घाई, हे दृश्य येथे नवलाचे नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत दोन्ही राज्यांचे नियम वेगवेगळे होते, तेव्हाही ओढ्याच्या दोन बाजूंना निराळे निर्बंध लागू झाले.

मग हे गाव एका राज्यात का आणले जात नाही, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. जर्मन राज्यघटनेत तशी तरतूद आहे. पन्नास हजारांहून अधिक लोकसंख्या नसलेला प्रदेश एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायचा असल्यास दोन्ही राज्ये आपसांत करार करून तसे करू शकतात. पण म्योडलारॉइटच्या बाबतीत असे घडलेले नाही. ज्या रेषेवरून मुक्तपणे जाता-येता येते, ती कोणाच्या मार्गात आड येत नाही, हेच त्याचे एक उत्तर असू शकते. या गावाने चार शतके हद्द सहज पेलली आणि साधारण चार दशके तीच हद्द त्याच्यावर ओझ्यासारखी लादली गेली. फरक रेषेत नव्हता, ती ओलांडण्याच्या स्वातंत्र्यात होता.

हद्दीचे जुने दगड आजही टानबाखच्या काठी उभे आहेत. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर राखून ठेवलेली भिंत आहे. एकाच सीमेच्या या दोन खुणा पाहण्यासाठी आता ओढा ओलांडावा लागतो आणि त्यासाठी कोणाच्याही परवान्याची आवश्यकता नसते.